वरचा एक रुपया

पोट भरण्यासाठी मी ऑनलाइन पोकर खेळायचो, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मला माझ्या साडूला नाक घासायला लावायचं होतं, आणि ते मी लावलंय हे त्याला कळायलाही हवं होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. काटोलला त्याची संत्र्याची आडत आहे. माणूस गोरापान, पोट सुटलेला, चार बोटांत चार अंगठ्या. तो नुसतं 'बसा' म्हणाला तरी आपण त्याच्या दुकानात कामाला लागलोय असं वाटतं. माझ्या लग्नात आहेराची पाकिटं तो मांडवातच उघडून बघत होता. तेव्हापासून तो माझ्या डोक्यात बसलेला आहे.

मी धरमपेठेत एका क्लासच्या ऑफिसात अकरा वर्षं फीच्या पावत्या आणि खाती सांभाळली. मग मालकानं संगणकावर सगळं बसवून घेतलं आणि आम्हा तिघांतल्या दोघांना घरी पाठवलं. त्या दोघांत मी. चाळिशीला आलेल्या माणसाला नागपुरात तशी नोकरी मिळायला किती वेळ लागतो हे ज्यानं शोधली त्यालाच माहीत. संध्याकाळी वेळ घालवायला मी दोन वर्षांपासून थोडं थोडं पोकर खेळत होतो आणि बहुतेक महिन्यांत चार पैसे वरच असायचे. बायकोला म्हटलं, हेच नीट करून बघतो. ती मनीषनगरच्या शाळेत शिकवते, घर तिच्या पगारावर कसंबसं चालत होतं. तिनं दोन दिवस विचार केला. "एक वर्ष," ती म्हणाली. "त्याच्यावर एक दिवस नाई." मी कबूल केलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिच्या मामेबहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, काटोललाच. पंगतीत साडू माझ्या समोर. मोठ्यानं विचारलं त्यानं, "काय करून राहिले मंग सध्या?"

मी मूर्ख. खरं सांगितलं. वर समजवायलाही लागलो, की हा नशिबाचा खेळ नाही, समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायचं असतं, डोक्याचं काम आहे. तो हातातला घास तसाच धरून ऐकत राहिला. मग मान वळवून सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलं का गा! आमचे साडूभाऊ घरी बसून पत्ते कुटून राहिले. बायको शाळेत जाते, आन् हे पत्ते कुटते!"

पंगत हसली. बायकोनं ताटातून मान वर केली नाही.

"हसून नाई राहिलो मी," तो पुढे म्हणाला. "खेळा एक वर्ष. नाई जमलं तं माह्या आडतीवर या. पावत्या फाडाले माणूस पायजेच मले. अनुभव हाये तुमाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाच बाईनं तोंड उघडलं, त्याच्याच बायकोनं. ती वाढत होती. "कोनाच्या कामाले असं हसू नाई," ती म्हणाली. "डोक्याचं काम असन तं करा भाऊजी तुमी." तो म्हणाला, "तू गप वं, कढी वाढ." तिनं माझ्या ताटात न मागता एक गुलाबजाम ठेवला आणि पुढे गेली.

त्या दिवसापासून माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. एक तर वर्षभरात घर चालेल एवढं कमवायचं, नाही तर काटोलच्या त्या आडतीवर, त्याच्या गादीच्या खाली, सतरंजीवर बसून त्याच्या पावत्या फाडायच्या. मला विष चाललं असतं, पण ती सतरंजी नाही.

सकाळी बायको शाळेत गेली की मी बेडरूममधल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचो. दहा ते पाच. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कारण बनियनवर बसलं की हात ढिला होतो असा माझा समज होता. शेजारी शंभर पानी वही. समोरच्या प्रत्येक खेळाडूचं टोपणनाव लिहायचं आणि तो कधी किती पैसे लावतो, कधी पत्ते टाकून देतो, ते टिपायचं. खात्यांचं काम केलेला माणूस दुसरं काय करणार? पण खरं सांगतो, पहिले तीन महिने मी नुसता बरोबरीत होतो. इकडून आलेलं तिकडे जायचं, वरून कंपनीचा वाटा आणि कर. संध्याकाळी पाठ दुखायची, एवढीच कमाई.

मग एका दुपारी 'आंबिया७' नावाचा खेळाडू माझ्या टेबलावर आला.

नाव वाचूनच मी सावरून बसलो. आंबिया म्हणजे संत्र्याचा बहार. हे नाव मुंबईचा किंवा दिल्लीचा माणूस कशाला घेईल? हा माणूस आपल्याच बाजूचा. दोन डाव झाले आणि त्यानं पैसे लावले, पाचशे एक. मी पडद्याकडे बघतच राहिलो. या खेळात रक्कम कोणी हातानं लिहीत नाही. पॉट म्हणजे डावात जमलेले सगळे पैसे; अर्धा पॉट, पूर्ण पॉट अशी बटणं असतात, ती दाबून माणूस मोकळा होतो. यानं मात्र बसून पाच, शून्य, एक असे आकडे टाकले होते. थोड्या वेळानं पुन्हा, अकराशे एक.

आमच्याकडे आहेर एकशे एकाचा असतो. संत्र्याच्या व्यापाऱ्यानं बगीच्याचा सौदा पक्का केला की शेतकऱ्याच्या हातावर इसार ठेवतो, तो अकरा हजार एक किंवा एकवीस हजार एक. वरचा रुपया शकुनाचा. माझा साडू तर पेट्रोल भरतानाही पाचशे एकाचं भरतो, मी स्वतः बघितलंय. पंपावरचा माणूस वैतागतो, पण हा ऐकत नाही.

त्या क्षणी माझ्या मनात दुसरं कोणी आलंच नाही. अरे, हा तर तो! पंगतीत मला जुगारी म्हणणारा लपून स्वतःच खेळतोय! वेळही जुळत होती. आंबिया७ यायचा तो दुपारी एक ते चारमध्ये. सकाळी बाजारातला लिलाव आटोपला की साडू घरी येऊन जेवतो आणि झोपतो, हे अख्ख्या घराला माहीत होतं. झोपतो म्हणे. मी एकटाच खोलीत हसलो.

तरी मी खात्री करून घेतली, उगाच कोणावर आळ कशाला. एका दुपारी आंबिया७ नं मोठी रक्कम लावली, मी तेवढीच लावली, पुढची चाल त्याची होती. मी मोबाइल उचलला आणि साडूच्या नंबरवर फोन लावला. घंटी वाजायला लागली आणि पडद्यावर आंबिया७ थांबला. वेळेचा काटा खाली खाली येत गेला, चाल नाही. शेवटी त्याचे पत्ते आपोआप बाद झाले आणि पॉट माझ्याकडे सरकला. फोन त्याच्या बायकोनं उचलला. धापा टाकत म्हणाली, "झोपले ना ते भाऊजी. उठवू काय?"

"नाही नाही," मी म्हटलं, "सहज केला होता." बायकोला फोन उचलायला लावतो आणि स्वतः झोपेचं सोंग घेतो! वा रे पठ्ठ्या, म्हटलं. आता बघ.

वहीत त्याच्यासाठी मी वेगळी पानं काढली आणि महिन्याभरात त्याचं सगळं माझ्या हातात आलं. पत्ते चांगले असले की तो सरळ बटण दाबायचा, घाई असायची त्याला. पत्ते हलके असले आणि नुसतं दडपून न्यायचं असलं की मात्र हातानं रक्कम लिहायचा आणि वर एक रुपया ठेवायचा. घाबरलेला माणूस देवाचं नाव घेतो तसा तो रुपया यायचा. रुपया दिसला की मी दुप्पट लावायचो. तो पळायचा. कधी न पळता शेवटपर्यंत यायचा आणि मग जास्तच जायचं.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, मला त्यात फार मजा आली. बाकीच्या टेबलांवर मी कामगार होतो, त्या एका टेबलावर मी राजा होतो. प्रत्येक पॉटला त्याचं ते पोट, त्या अंगठ्या डोळ्यांपुढे आणायचो आणि मनात म्हणायचो, घे, फाड पावती. घरात पैसे यायला लागले. वॉशिंग मशीन आलं. पोरीची वर्षाची फी एकरकमी भरली. बायको पहिल्यांदा म्हणाली, "तुमचं जमून राहिलं वाटते." मी नुसता हसलो. हे सगळं तुझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या खिशातून आलंय, हे जिभेवर आलेलं मी गिळलं. ते मला पंगतीत सांगायचं होतं, सगळ्यांच्या समोर, जसं त्यानं केलं तसं.

मधे दोन-तीन कार्यक्रमांत तो भेटला. तसाच खिदळत होता. काय नाटकी माणूस आहे, म्हटलं. एकदा त्याच्या बोटात अंगठी एक कमी दिसली आणि मी घरी येईपर्यंत आनंदात होतो. विकली, विकावी लागली! नंतर कळलं, बोट सुजल्यामुळे सोनाराकडून कापून घेतली होती. तेही मी खरं मानलं नाही. त्याची बायको त्या दिवसांत वाळल्यासारखी दिसायची. बिचारीला याच्या पायी त्रास, असं मी माझ्या बायकोजवळ म्हटलेलं मला आठवतं. अगदी हळहळून म्हटलं होतं.

एकदाच आंबिया७ बोलला. टेबलावर एकमेकांना लिहायची सोय असते, कोणी फारसं वापरत नाही. मोठा पॉट माझ्याकडे आल्यावर खाली अक्षरं उमटली, "कधी तं जिंकू द्या गा." मी खुर्चीत मागे रेलून ते चारदा वाचलं. विनवणी करायला लागला! पुढच्या डावात पुन्हा त्याचे पैसे घेतले.

वर्ष पूर्ण व्हायला दोन महिने होते आणि सरकारनं कायदा केला, पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद. दोन दिवसांत टेबलंच गायब झाली. लॅपटॉपवर एक पाटी आली, तुमची शिल्लक काढून घ्या. मी काढून घेतली आणि इस्त्रीचा शर्ट घालून रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिलो. वर्ष संपायच्या आधीच धंदा संपला होता. बायको रागावली नाही. तेवढ्यात महालक्ष्म्या आल्या आणि जेवणाला काटोलला जायचं ठरलं.

साडूच्या घरी महालक्ष्म्यांचा थाट मोठा असतो. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, फुलोरा. आरती झाली, पहिली पंगत बसली, पुरुषांची. काका, मामा, शेजारचे, आडतीवरचा मुनीम, सगळे. साडू सोवळं नेसून उघड्या अंगानं फिरत होता. माझ्या पानापाशी येऊन थांबला.

"सरकारनं शटर पाडलं म्हन्ते तुमच्या फॅक्टरीचं?" सगळे घास थांबले. "मी बोललो होतो ना? जागा ठेवली हाये तुमची. या सोमवारपासून. नवी सतरंजी बी आनली."

वर्ष संपेपर्यंत, अजून दोन महिने थांबेन असं मी ठरवलं होतं. पण ती सतरंजी ऐकली आणि मी पानावरून उठलो. महालक्ष्म्यांच्या पानावरून कोणी अर्धवट उठत नाही, मी उठलो. हाताला पुरण तसंच.

"साडूभाऊ," मी म्हटलं, "आंबिया सात."

"काय आंबिया?"

"सोंग पुरे. रोज दुपारी झोपायच्या नावाखाली कुठे असता तुम्ही? मला जुगारी म्हणता आणि स्वतः लपून खेळता. तुमच्या समोर मीच बसत होतो, सात महिने. माझ्या घरी वॉशिंग मशीन आलं ते तुमच्या पैशाचं. माझ्या पोरीची फी तुम्ही भरली. वरचा एक रुपया ठेवायची सवय आहे ना तुम्हाला? त्या रुपयानंच पकडलं मी तुम्हाला."

सगळं एका दमात. सात महिने मनात घोळवलेलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

साडू माझ्याकडे बघत राहिला. मग मुनिमाकडे बघितलं, आणि त्याचं पोट हलायला लागलं. "अबे भैताड!" तो म्हणाला. "मले तं मोबाईलवरून वीज बिल भरता येत नाई! सांगा ना मुनीमजी!" मुनीम तोंडातला घास सांभाळत मान डोलवत होता. "बिल बी मीच भरतो जी, आन् रिचार्ज बी मीच मारतो." आणि पंगत फुटली. मामा ठसका लागेपर्यंत हसले. कोणी तरी म्हणालं, वरचा एक रुपया तर सारा तालुका ठेवतो. "मंग साऱ्या तालुक्याचे पैशे खाल्ले यायनं," साडू म्हणाला, आणि पुन्हा हशा.

मी उभाच होतो. आणि तेव्हा मला ती दिसली.

स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको कढीचं भांडं घेऊन उभी होती. सगळे हसत होते, ती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. आपले पैसे कोणी घेतले, हे तिला आत्ता, याच मिनिटाला कळलं होतं. दुपारी एक ते चार. धापा टाकत उचललेला फोन. कधी तं जिंकू द्या गा. सगळं एकदम माझ्यापुढे आलं. तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको, अशी. मला ते स्पष्ट समजलं.

"आता असं करा," साडू डोळे पुसत म्हणाला, "घरी जाऊन डोक्याले तेल चोळून घ्या, आन् सोमवारी या. हे जे डोक्याचं काम हाये ना तुमचं, ते आमच्या पावत्यावर दाखवा."

पुन्हा हसले सगळे. माझी बायको आतून बाहेर आली होती, तिनं माझा दंड धरला. मी गप्प राहू शकत होतो. एवढंच करायचं होतं, गप्प राहायचं, खाली बसायचं आणि पोळी खायची.

"तुम्ही नसाल," मी म्हटलं. "मग तुम्ही झोपल्यावर तुमच्या घरात मोबाइल कोणाच्या हातात असतो, ते विचारा एकदा."

हसणं तुकड्यातुकड्यानं बंद झालं. साडू आधी माझ्याकडे बघत होता, मग हळूच वळला आणि दाराकडे बघितलं. तिनं कढीचं भांडं खाली ठेवलं. तिचा चेहरा बघून कोणालाच काही विचारायची गरज राहिली नाही. आणि साडूचा चेहरा उतरला. भर पंगतीत, मामा-काकांच्या समोर, उघड्या अंगानं उभा असलेला तो माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. मला बरं वाटलं. लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं, पण त्या वेळी वाटली नाही. वर्षभर ज्यासाठी बसलो ते मिळालं, असंच वाटलं.

पुढचं बायकोकडून कळत गेलं. सासऱ्यांचा बगीचा विकला तेव्हा दोघी बहिणींच्या नावे सारखी रक्कम बँकेत ठेवली होती. मोठीनं तिची ठेव मोडून ते पैसे खेळात लावले होते. साक्षगंधात मी जे समजावत होतो ते तिनं नीट ऐकलं होतं. डोक्याचं काम असेल तर आपल्यालाही जमेल, असं तिला वाटलं. पावशेर खव्यालाही नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो, तो पसरायचा नाही एवढंच तिचं म्हणणं होतं. पहिले काही आठवडे जमलंही. मग मी भेटलो.

साडूनं तिचा मोबाइल काढून घेतला, बँकेचं पुस्तक काढून घेतलं. आता ती शेजारणीच्या फोनवरून बोलते, तेही दोन मिनिटं. आमच्याकडे जे उरलं होतं ते सगळं बायकोनं तिच्या खात्यात पाठवलं, मला न विचारता. त्या खात्याचं कार्ड साडूकडे. म्हणजे शेवटी माझी कमाई गेली ती त्याच्याच खिशात. हे कळलं त्या दिवशी मी भिंतीवर हात आपटला, दोन बोटं सुजली. आडतीवर मी गेलो नाही, त्यानंही पुन्हा बोलावलं नाही. आता तो कार्यक्रमात दिसला तर मान खाली घालून जातो. आजही ते बघून मला बरं वाटतं, आणि तिला कोणत्याही कार्यक्रमात आणत नाहीत.

मागच्या महिन्यात बायको काटोलला जाऊन आली. आल्यावर हातपाय धुतले, ओट्यापाशी उभी राहिली, परातीत कणीक घेतली. माझ्याकडे पाठ होती.

"एक सांगा मले," ती म्हणाली. "पंगतीत तुमी ते बोलले ना, तवा तुमाले समजलं होतं काय, का ताईच हाये म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "रागात निघून गेलं तोंडातून."

"मले वाटलंच," ती म्हणाली. "ताईले बी मी तेच सांगितलं." आणि ती कणीक मळायला लागली.